ग्रंथालय कर्मचाऱ्यांना आधी मुभा द्या

संपादक महोदय,

ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात समाजमाध्यमांचा तास सुरू झाला की सभागृहाचा नूर पालटतो. सकाळी वर्गीकरणावर आणि दाखल नोंदवहीवर हिरिरीने बोलणारी मंडळी फेसबुकवर ग्रंथालयाचे पान काढायला सांगितले की गप्प होतात. महाविद्यालयीन ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावरही मी अशा वर्गांना जाते. एकदा चहाच्या वेळी एका ताईंनी हळूच सांगितले, "मॅडम, पान मी काढलं आणि उद्या खाली कोणी वाट्टेल ते लिहिलं, तर कार्यकारी मंडळ मलाच विचारेल ना?"

या मंडळींना नवे नको असते, असा शेरा मारून आपण मोकळे होतो. तो सरासर अन्याय आहे. घरी व्हॉट्सॲप, यूट्यूब सगळे तेच वापरतात. मात्र ग्रंथालयासाठी स्वतःचा खासगी नंबर वाचकांना द्यायचा, रात्री दहा वाजता "अमुक पुस्तक आलं का" याला उत्तर द्यायचे आणि काही बिनसले तर बोलणीही आपणच खायची, हे अनुदानातून मिळणाऱ्या तुटपुंज्या वेतनात कोण अंगावर घेईल? लहान ग्रंथालयात तर कुलूप उघडण्यापासून देवघेवीपर्यंत सारा भार एकाच माणसावर असतो.

याची झळ वाचकाला बसते. नव्या पुस्तकांची यादी काचेच्या फलकात पिवळी पडते. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी अभ्यासिका उघडी की बंद, हे कळायला मार्ग नसतो. मानेवाड्याहून, वाडीहून स्पर्धा परीक्षेची मुले सीताबर्डीपर्यंत येतात आणि कुलूप पाहून परततात. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना असा हेलपाटा पडला तर काय होते, हे नागपूरकरांना सांगायला नको. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यातले चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. दर 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो. मग सुट्टीची दोन ओळींची सूचना वाचकांच्या मोबाइलवर का जात नाही?

प्रशिक्षणाची पद्धतही बदलायला हवी. अमेरिकेतील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोवर्स यांनी 2006 मध्ये '23 गोष्टी' हा उपक्रम राबवला. ब्लॉग लिहिणे, छायाचित्रे चढवणे अशी छोटी छोटी कामे कर्मचाऱ्यांनी आपल्या सवडीने, खेळत खेळत स्वतः करून पाहायची. सगळी पूर्ण करणाऱ्याला एमपी3 प्लेअर मिळायचा! पुढे कितीतरी देशांतल्या ग्रंथालयांनी तो उचलला. मी पाहिलेल्या वर्गांत मात्र पडद्यावर चित्रे दाखवून व्याख्यान संपते आणि कोणाचे बोट मोबाइलला लागतही नाही.

कर्मचाऱ्यांच्या काही शंका अगदी रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे कार्यकारी मंडळाने लेखी द्यावीत. अभ्यासिकेतल्या मुलींची छायाचित्रे त्यांना विचारल्याशिवाय टाकायची नाहीत. कोण काय वाचतो, हे बाहेर जाता कामा नये. नव्या पुस्तकाची पीडीएफ मागणाऱ्याला नाही म्हणायचे, कारण 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. एवढे एका कागदावर असले तरी निम्मी भीती जाईल. त्यासोबत ग्रंथालयाचा स्वतंत्र नंबर आणि या कामासाठी रोज कामाच्याच वेळेतला अर्धा तास द्यावा. घरी जाऊन करा म्हणू नये.

आपल्या जिल्ह्यात पुढचे प्रशिक्षण लागेल तेव्हा ग्रंथालयांच्या अध्यक्ष-सचिवांनाही बोलवावे आणि आपापल्या कर्मचाऱ्यांशेजारी बसवावे. परवानगी देणारा तिथेच असला, तर पान त्याच दुपारी सुरू करता येईल.

– एक निवृत्त ग्रंथपाल, नागपूर