बोटावरचा दोऱ्याचा वळ

कराड, सोमवार

चि. माई हिस,
अनेक आशीर्वाद.

आज दुकान बंद. तुझी आई बाजारात गेली आहे आणि मी हिशेबाच्या वहीची चार पानं फाडून तुला लिहायला बसलोय. फोनवर हे मला बोलता येत नाही. दिवाळीनंतर तीनदा फोन लावला आणि तीनही वेळा जेवलीस का, थंडी पडली का, एवढंच विचारून ठेवून दिला.

तू ब्युटी पार्लरचं काम शिकतेस हे दिवाळीत तू करंज्या मुरडायला बसलीस तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्या उजव्या तर्जनीवर, आतल्या बाजूला, पेऱ्याच्या खाली एक बारीक लाल वळ होता. त्याच्या शेजारी दुसरा, जुना, कडक झालेला. हिशेबाच्या कामाने असा वळ पडत नाही. सुती दोरा रोज पिळून ताणला की तो तिथेच कापतो. गिऱ्हाइकांच्या गालावरची लव दोऱ्याने काढून काढून माझ्याही बोटाला तिथेच घट्टा पडला आहे. मी बघतोय हे तुझ्या लक्षात आलं आणि तू हात ओढणीखाली घेतलास. ते लपवणं माझ्या मनातून जात नाही. कारण लपवायला तुला मीच लावलं.

बारावीनंतर तू म्हणाली होतीस, अण्णा, मी ब्युटीचा कोर्स करते. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तीन पिढ्या हजामतीची धोकटी काखेत मारून लोकांच्या दारात गेल्या. माझी मुलगी लोकांच्या पायाला हात लावणार नाही." तू रडली नाहीस. मुकाट्याने बी.कॉम.चा फॉर्म भरलास, पहिल्या वर्गात पास झालीस, पुण्यात अकाउंट्सची नोकरी धरलीस. मी गल्लीत पेढे वाटले.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते सांगतो. माझे आजोबा बलुत्यावर होते. वर्षभर गावाची डोकी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं, देईल तेवढं धान्य पदरात घ्यायचं. त्यांना कुणी ओट्यावर बस म्हणालेलं मी पाहिलं नाही. ते मला लहानपणापासून सलत होतं. पण ती सल त्या वागणुकीची होती गं, कामाची नव्हती. मी दोन्ही एकच धरून चाललो आणि भोगायला तुला लागलं.

समाजाच्या मेळाव्यात मी दरवर्षी 1890 सालची गोष्ट सांगतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले नाभिक जमले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेली माणसं ती. तरी वस्तरा खाली ठेवायला तयार झाली. मान खाली घालून बसलेल्या त्या बाईला त्यांच्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलं असेल? आपल्या कामात माणूस असा हाताच्या अंतरावर येतो. डोळे मिटून आपल्या स्वाधीन होतो. हे मी माईकवर सांगत होतो, लोक टाळ्या वाजवत होते, आणि घरी माझ्याच मुलीला मी या कामाची लाज शिकवत होतो.

तुझं वेळापत्रक आईने मला सांगितलं. आठवड्यात तीन संध्याकाळी ऑफिसवरून थेट क्लास, सात ते नऊ, आणि रविवारी सहा तास. म्हणजे आठवड्याला बारा. तुमच्या त्या सिडेस्कोच्या, म्हणजे ब्युटीच्या आंतरराष्ट्रीय, डिप्लोमाला किमान 1200 तासांचं शिक्षण लागतं म्हणे. मी वहीत भागाकार केला. शंभर आठवडे. सणवार, दुखणीखुपणी धरली तर दोन वर्षं. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड वर्षभरात होतो, पण तो दिवसभराचा. नोकरी सांभाळून तुला तो कसा जमणार? तीन महिन्यांत सगळं शिकवतो म्हणणारी ती जागा तू बघून आलीस आणि सोडलीस, हे ऐकून मात्र माझा ऊर भरून आला. मला वडिलांनी दीड वर्ष वस्तऱ्याला हात लावू दिला नव्हता. आधी नुसता फेस करायचा. मग फुग्याला फेस लावून तो वस्तऱ्याने काढायचा, फुगा फुटता कामा नये. किती फुगे फोडले असतील! मग एके दिवशी न फुटलेला फुगा त्यांच्यासमोर धरला, तेव्हा त्यांनी स्वतःचा गाल पुढे केला.

आता एक गोष्ट, जी तुला कधीच सांगितली नव्हती. तू तिसरीत असशील. ऐन लग्नसराई, सकाळी सहाला दुकान उघडलेलं, रात्रीचे साडेनऊ झालेले. एक नवरदेव आला, दुसऱ्या दिवशी हळद. मी नाही म्हणायला हवं होतं. कानामागची कड काढताना हात एका क्षणापुरता जड झाला आणि कानाच्या पाळीखाली ब्लेड लागलं. तुरटी लावली, कापूस दाबला, रक्त थांबेना. पांढऱ्या कापडावर डाग पसरत गेला. पोरगा भला होता, काही बोलला नाही. त्याची आई दारात उभी होती, तिच्या तोंडाकडे मला बघवेना. त्या दिवसापासून रात्री आठनंतर मी खुर्चीवर कुणाला घेत नाही, हे तुला माहीत आहे. का घेत नाही ते आज सांगितलं.

हे लिहिण्याचं कारण, तू दिवसभर स्क्रीनसमोर बसून मग क्लासला जातेस. दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास तू फोन उचलत नाहीस, जीएसटीची रिटर्न भरायची असतात म्हणून, एवढं मला आता कळतं. त्या आठवड्यांत गरम वॅक्स घेऊन कुणाच्या अंगाला हात लावू नकोस. क्लासमध्ये बाईंना स्पष्ट सांग, आज मी बघते, करत नाही. त्या संध्याकाळी हाडांची, स्नायूंची नावं पाठ कर, चेहऱ्याची चौदा हाडं म्हण, नाहीतर घरी येऊन झोप. महिन्यातल्या त्या दोन आठवड्यांत बारा तासांचे आठ झाले तर शंभराचे एकशेवीस आठवडे होतील. होऊ देत.

भाऊबीजेच्या दुपारी तू आईच्या हाताला वॅक्स लावत होतीस तेव्हा मी ओसरीवर पेपर धरून बसलो होतो, पण वाचत नव्हतो. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघितलास. मग आईला विचारलंस, कुठली क्रीम लावतेस का, मुरमांच्या गोळ्या घेतेस का, कारण रेटिनॉलवाली क्रीम लावणाऱ्यांची कातडी पट्टीबरोबर सोलून निघते. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने वॅक्स, आणि पट्टी उलट्या दिशेने, कातडीला लागूनच. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरलीस. पट्टी निघाल्याबरोबर तळवा त्या जागेवर ठेवलास. तो तळवा ठेवणं कुणी शिकवलं गं तुला? माझे वडील तसंच करायचे, दाढी झाली की ओला तळवा गालावर क्षणभर ठेवायचे.

वापरलेली काडी तू परत भांड्यात बुडवली नाहीस, प्रत्येक वेळी नवी घेतलीस, तेही पाहिलं. यात कधीच ढिलाई करू नकोस. आमच्याकडे पूर्वी एकच वस्तरा आणि एकच तुरटीचा खडा सगळ्या गावाच्या गालावरून फिरायचा. नव्वदनंतर एड्सची माहिती गावात आली तेव्हा आम्ही अर्धं ब्लेड वापरून टाकून द्यायला लागलो. हिपॅटायटीस बी त्याहून चिवट, त्याचा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा तग धरतो. तू आईला सांगत होतीस की निळ्या दिव्याच्या कपाटात ठेवलं म्हणजे अवजारं निर्जंतुक होत नाहीत, ती आधी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाच्या भांड्यात, 121 अंशांवर पंधरा मिनिटं ठेवावी लागतात, कपाट फक्त ती स्वच्छ राहावीत म्हणून. चाळीस वर्षं या धंद्यात राहून हे मला तुझ्याकडून कळलं. दुसऱ्याच दिवशी मी आपल्या दुकानातलं तसलं कपाट उघडून आतल्या कात्र्यांकडे बघत उभा राहिलो.

नोकरी सोडायची घाई करू नकोस. पगार चालू आहे तोवर तू शांतपणे शिकशील. भाड्याची काळजी डोक्यात असली की माणूस येईल ते गिऱ्हाईक घेतो आणि येईल तसं काम करतो. डिप्लोमा हातात आल्यावर एका खोलीत सुरू करायचं म्हटलं तर मोजकी माणसं असलेल्या जागेला महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने कायद्याप्रमाणे नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सरकारच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळतं. पण खुर्ची आणि बेड यासाठी कर्ज काढू नकोस, ते मी देणार आहे. तुझ्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून नाही, वेगळे ठेवलेत. आईलाही माहीत नव्हतं.

ऑफिसमध्ये कुणी विचारलं, वडील काय करतात, तर तू "बिझनेस" म्हणतेस, हे मला माहीत आहे. तेही माझ्याचमुळे. यापुढे कराडला केशकर्तनालय आहे म्हण.

चौथ्या शनिवारी सुट्टी असते ना तुझी? ये. आई म्हणाली, पेडिक्युअरच्या सरावाला तुला माणसं मिळत नाहीत, मैत्रिणी वेळ देत नाहीत. माझे पाय आहेत. चाळीस वर्षं उभं राहून टाचा भेगाळल्यात, डाव्या अंगठ्याचं नख आत वळलंय, तर्जनीएवढा घट्टा तळव्याला आहे. मला साखर आहे हे धरून चाल: बधिरपणा किती ते आधी विचार, घट्ट्याला ब्लेड लावायचं नाही, नखाच्या कोपऱ्यात खणायचं नाही, आणि पाणी कोमटच, कारण चटका बसला तरी मला कळणार नाही. पाण्यात आधी तुझं कोपर बुडवून बघ, मग माझे पाय घे.

तुझे,
अण्णा