आजीचा कल्चर रिपोर्ट

उप्साला, स्वीडन

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आजीच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टचा फोटो मिळाला. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे २० मिमी असून 'आर' (औषध चालत नाही) आणि नायट्रोफ्युरँटॉइनपुढे १८ मिमी असून 'एस' (चालतं), हे उलटं कसं, असं तुम्ही विचारलंत. रिपोर्ट बरोबर आहे. हे मिमी म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास. पण मोठं वर्तुळ म्हणजे जास्त चांगलं औषध, असं नसतं.

प्लेटवर वाढलेल्या ई. कोलाय या जंतूच्या तीन-चार कॉलनी (ठिपके) उचलून सलाइनमध्ये ढवळतात. गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप) इतकाच हवा, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये साधारण १० ते २० कोटी जंतू. १५ मिनिटांच्या आत त्यात कापसाचा स्वॅब बुडवायचा, नळीच्या कडेला दाबून निथळायचा आणि प्लेट फिरवत तीन दिशांनी सारवायची. मग ६ मिमीच्या औषधी चकत्या ठेवायच्या. चकती एकदा टेकली की हलवायची नाही, कारण औषध त्याच क्षणी खाली झिरपू लागतं. प्लेट उलटी करून ३५ अंशांवर १६ ते १८ तास.

आत एक शर्यत चालते. चकतीतलं औषध बाहेर पसरत असतं आणि जंतू वाढत असतात. वर्तुळाची कड पहिल्या काही तासांतच ठरते. म्हणून जंतू जास्त पडले की वर्तुळ लहान येतं आणि चालणारं औषध 'आर' ठरतं. कमी पडले तर याच्या उलट, आणि ते जास्त घातक. आगरचा, म्हणजे प्लेटमधल्या जेलीचा, थर ४ मिमीच हवा. जाड झाला तरी वर्तुळ आक्रसतं. फ्रिजमधली चकत्यांची डबी गार असतानाच उघडली तर आत दव धरतं आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्यात हळूहळू मरतात. हे पकडायला ओळखीचा ई. कोलाय सोबत लावतात. इथे त्याचं सिप्रोचं वर्तुळ २९ ते ३७ मिमीत आलं नाही, तर रिपोर्ट बाहेर जात नाही.

आता तुमचा प्रश्न. प्रत्येक औषध आगरमध्ये आपल्या वेगाने पसरतं आणि चकतीतली मात्राही निराळी: सिप्रो ५ मायक्रोग्रॅम, नायट्रोफ्युरँटॉइन ३००. म्हणून पट्टीही प्रत्येकाची वेगळी. तुमच्या लॅबने वापरलेल्या अमेरिकी तक्त्यात सिप्रो २६ मिमीपासून 'एस' आणि २१ किंवा कमी असेल तर 'आर'. नायट्रोफ्युरँटॉइन १७ पासूनच 'एस'. इथला युरोपीय तक्ता आणखी निराळा, नायट्रोफ्युरँटॉइनची चकतीसुद्धा १०० मायक्रोग्रॅमची. तेव्हा तिकडचे मिमी इकडे लावू नका.

एक मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत साठतं, रक्तात फारसं नाही. आजीला थंडी-ताप किंवा पाठीत दुखणं असेल, तर इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. तिथे हा 'एस' उपयोगाचा नाही. किडनी मंद असेल तर औषध लघवीतही पुरेसं उतरत नाही, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते दाखवणारा) रिपोर्ट बरोबर न्या.

पुन्हा नमुना द्यायचा झाला तर नवी गोळी सुरू करण्याआधी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या आणि दोन तासांत लॅबला पोचवा. ते जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फार तर २४ तास. खोलीत राहिली तर चार जंतूंचे लाखभर होतात आणि नसलेलं इन्फेक्शन दिसतं.

आजीला सा. न., आईला नमस्कार. क्रिएटिनिनचा आकडा कळवा.

तुमचा,
बाळू