ओळंबा लावून पाहिला, भिंत सरळ आहे

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू "ही फरशी वाकडी बसलीय, काढा ती सगळी" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यानंतर इथे, तुझ्या घराच्या बाथरूममध्ये, काय झालं ते तुला कळलं नाही, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेले असते तर दुसऱ्या वाक्याला "हो गं आई" म्हणून तू विषय बदलला असतास.

मिस्त्री काही बोलले नाहीत. थापी घमेल्यात ठेवली, हात पुसले आणि पिशवीतून ओळंबा काढला. लाकडी पट्टी वरच्या फरशीला टेकवून दोरी सोडली. पितळी लट्टू थोडा डोलला आणि खालच्या फरशीला जेमतेम शिवून थांबला. मग मधे लावला, मग कोपऱ्यात. तिन्ही जागी तेच. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "बाई, तुम्हीच बघा."

वाकडा होता तो माझा हात. एवढ्याशा बाथरूममधली सगळी भिंत तुला दिसावी म्हणून मी कॅमेरा वाइड करून फोन वर तिरका धरला होता. तसा धरला की कडेच्या रेषा वाकतात आणि उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. खालून काढलेल्या फोटोत उंच इमारत मागे कलल्यासारखी दिसते ना, तसंच. यापुढे मी फोन छातीशी, भिंतीला समोरासमोर धरीन. आणि कुठे शंका आली तर आधी ओळंबा नाहीतर लेव्हल लावून दाखवायला सांग, मग बोल.

मिस्त्रींनी काल दिवसभर काम केलं, पण गप्प. एरवी मी गेले की स्वतःहून दाखवतात, "इथे बघा, जुना पाइप गंजलाय", "हा कोपरा गुण्यात नाही, काटकोन चुकलाय, फरशी कापावी लागेल." काल त्यांनी काहीच दाखवलं नाही. मला फरशीपेक्षा ते जास्त लागलं. तू तिकडे, मी आठवड्यातून दोनदा जाणार. जुन्या भिंतीत काय निघालं हे त्यांनी सांगितलं तरच आपल्याला कळणार. उद्यापासून त्यांनी "कशाला सांगा, नाहीतरी ओरडाच खायचा" असं ठरवलं, तर ते बुजवतील आणि पुढे जातील.

म्हणूनच तुझी ती आतल्या खोल्यांत कॅमेरे लावायची कल्पना मला आवडलेली नाही. दाराशी एक लाव, सामान कधी आलं, दुपारी कुलूप लागलं का, एवढं कळायला तो उपयोगी आहे. पण गवंड्याने किती वेळ थापी चालवली हे तू रात्री जागून बघणार असशील तर त्यातून तुला काहीही कळणार नाही. काम बिघडतं ते बसून राहण्याने नाही, पाहण्याआधी झाकलं गेल्याने.

हे मी अनुभवाने शिकले आहे. तुझ्या बाबांच्या नोकरीपायी आपण बाहेर होतो तेव्हा जुन्या घराचं काम मामाने करून घेतलं होतं. मामा दर रविवारी फोटो पाठवायचा आणि आम्ही खूश व्हायचो. सगळे फोटो झालेल्या कामाचे, चकचकीत फरशा, नवे नळ. भिंत बंद होण्याआधीचा एकही नाही. परत आल्यावर चौथ्या दिवशी बाबांनी टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिल लावलं आणि भिंतीतून पाण्याची बारीक धार थेट त्यांच्या चष्म्यावर. पाइप नळापासून सरळ वर गेला असेल असं त्यांनी धरलं होतं. तो तिरका गेला होता, कारण तसा गेला की एक जोड वाचतो. चार फरशा फोडल्या. त्या रंगाच्या फरशा मिळेनात, म्हणून तिथे ती निळी पट्टी आली. तुला लहानपणी ती फार आवडायची, तिचा खरा इतिहास हा.

तेव्हा यावेळी माझी पद्धत ऐकून ठेव. भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारून पाण्याचे पाइप आणि वायरींच्या नळ्या (कंड्युट) बसल्या की गिलाव्याआधी मी प्रत्येक भिंतीचा फोटो काढते, दारापासून सुरुवात करून उजवीकडे, गोल. फोटोत टेप उलगडून धरलेला असतो, एकदा कोपऱ्यापासून, एकदा जमिनीपासून. जमीन म्हणजे तयार फरशीची पातळी बरं का, खालचा काँक्रीट नव्हे. दोन्हींत सहज ५० मिलिमीटरचा फरक पडतो आणि मग सगळी मापं चुकतात. म्हणून मिस्त्रींकडून पातळी जुळवायची पाणी भरलेली नळी लावून तयार फरशीपासून १ मीटरवर सगळ्या भिंतींना एक रेघ मारून घेतली आहे. सगळं त्या रेघेपासून मोजायचं. पाण्याच्या पाइपांना पंपाने दाब देऊन, दाब दाखवणारा काटा खाली येत नाही ना हे पाहिल्याशिवाय झिऱ्या बुजवू दिलेल्या नाहीत.

वायरीचंही तसंच. वायर केवढी टाकली हे नुसत्या नजरेने कळत नाही, पण वायरीवरच छापलेलं असतं. गिझरला ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ठरली आहे, तर तो आकडा वाचता येईल असा फोटो मी मागून घेतला. इलेक्ट्रिशियन हसला, पण दिला. बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, बसेल तेव्हा त्यावरचं टेस्टचं बटण मी स्वतः दाबणार आहे. खटका पडला तर ठीक.

बाथरूमच्या पाण्याच्या परीक्षेवरून मात्र आमचं थोडं वाजलं. वॉटरप्रूफिंग सुकल्यावर नहाणीचा ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं भोक, पक्का बंद करून, उंबऱ्याशी मातीचा बांध घालून पाणी भरलं. भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलची खूण केली, शेजारी तारीख आणि वेळ. मिस्त्री म्हणाले २४ तास पुरे. मी म्हटलं ४८. त्यांना फरशीवाल्याला बोलवायची घाई, मला दुसऱ्याच्या छताची काळजी. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या किंचित खाली, तेवढं तर हवेनेही उडतं. पण खालच्या मजल्यावर जाऊन मी छताला तळहात लावून पाहिला तेव्हा पाइप उतरतो तिथे गार लागलं. डाग नव्हता, थेंब नव्हता, नुसता गारवा. तिसऱ्या दिवशी तिथेच रुपयाएवढा ओला ठिपका आला. पाइपाच्या गळ्याशी लेप नीट चढला नव्हता. मिस्त्रींनी काही न बोलता तो भाग खरवडला, पुन्हा भरला, पुन्हा लेप, पुन्हा ४८ तास. या खेपेला कोरडं. पाणी काढताना स्वतःच म्हणाले, "बरं झालं बाई, ऐकलं तुमचं." काल तू ओरडलीस ती याच माणसावर.

आता तुझ्याबद्दल. तू झोपतेस तेव्हा इथे काम सुरू होतं. मिस्त्रींना बेसिनची उंची विचारायची असते, तुझा फोन लागत नाही, आणि त्यांच्या हाताखालचे दोघे जण मोकळे बसलेले असतात. मग ते आपल्या मनाने ठरवतात. त्यात त्यांची चूक मला दिसत नाही. पुढच्या आठवड्यात जे लागणार ते आधीच्या आठवड्यात ठरलेलं हवं. स्विचबोर्डांच्या जागा मी भिंतीवर खडूने पूर्ण आकारात आखून तुला व्हिडिओ पाठवला होता, तो तू चार दिवस उघडलाच नाहीस. कागदावरचा नकाशा बघून कोणालाच कळत नाही की दार उघडल्यावर बोर्ड दाराच्या मागे जातो. खडूने आखल्यावर कळतं. दोन जागी जातच होता.

आणि सांगणारं तोंड एकच ठेव. परवा जावईबापूंनी परस्पर सुताराला कपाट छतापर्यंत न्यायला सांगितलं, तू मला माळा मोकळा ठेव म्हणालीस, सुतार दोघांच्या मधे. काहीही बदललं की ग्रुपवर लिहायचं, वाढीव खर्च किती ते सुताराने तिथेच लिहायचं, तुझा होकार आल्यावरच करवत चालवायची. तोंडी ठरलेलं शेवटी हिशेबाला कोणालाच सारखं आठवत नाही.

पैशांचं तू चांगलं केलंस, महिन्याच्या तारखेवर न देता टप्प्यावर देतेस. शेवटचे १० टक्के मात्र रंगारी गेल्यावर लगेच सोडू नकोस. नळ उघडू, दारं लावून बघू, फरशांवर नाण्याने टकटक करू. भरीव फरशीचा आवाज बारीक, टणक येतो. खाली पोकळी असेल तर भांडं वाजवल्यासारखा घुमतो. काल मी टकटक केली तेव्हा खालच्या ओळीतल्या दोन बोलल्या. खडूने गोल केले आहेत. त्या काढायच्याच आहेत, पण त्या दोनच, तू म्हणालीस तशा सगळ्या नव्हेत.

सिमेंटच्या पोत्यावरची तारीख बघते आहे, ३ महिन्यांपेक्षा जुनं घेऊ देत नाही. नव्या गिलाव्यावर ७ दिवस पाणी पडलं पाहिजे, आणि रविवारी कामाला कोणी नसतं, म्हणून या रविवारी बाबा पाइप घेऊन जाणार आहेत. त्यांना वाटतं आपण बागेला पाणी घालतोय. घालू देत.

तुझं काम दोनच. एक, मिस्त्रींना आज फोन कर. लांबलचक माफी नको, त्यांना अवघडल्यासारखं होईल. फरशी सरळ होती, आईने सांगितलं, एवढं म्हण. पुढचं ते समजतील. दुसरं, बेसिनवरच्या आरशाच्या दिव्याची वायर शुक्रवारी बंद होणार आहे आणि उंची अजून ठरलेली नाही. अनवाणी भिंतीला टेकून उभी राहा, डोळ्यांच्या पातळीशी पेन्सिलची खूण कर, आणि जमिनीपासून मोजून गुरुवारपर्यंत सेंटीमीटरमध्ये कळव. जावईबापूंचंही माप घे. दोघांच्या मधलं धरू.

तुझी,
आई