विशेषणं पुरे, निवड सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका शालेय कथास्पर्धेचा परीक्षक म्हणून चाळीसेक कथा वाचल्या. बहुतेकांचे नायक पहिल्याच ओळीत 'प्रामाणिक, कष्टाळू व मनमिळाऊ', पण तसं वागून दाखवायची वेळ त्यांच्यावर शेवटपर्यंत येतच नाही. एक कथा मात्र डोक्यातून जात नाही. लासलगावला कांदा विकून परतणाऱ्या बापाला निफाडजवळ चहाच्या टपरीवर कळतं, की हिशोबपट्टीपेक्षा पाचशे रुपये जास्त आलेत. चहा संपवून तो पिकअप माघारी वळवतो. "डिझेल कोण देणार?" बायको चिडते. तो गप्प. नववीतल्या मुलीने लिहिलंय हे! 'प्रामाणिक' शब्द कुठेही नाही.

आपल्या पुरवणीतले जयंती-पुण्यतिथीचे लेख वाचताना हीच कथा आठवते. 'थोर', 'द्रष्टे', झालं. दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून इथल्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, हे सगळे लिहितात. मला १९३४ जास्त बोलकं वाटतं. इतकी वर्षं माणसांनी मार खाल्ला, दार उघडलं नाही, आणि बाबासाहेबांनी इथे लढा सांभाळणाऱ्या दादासाहेब गायकवाडांना कळवलं, की आता थांबा, ताकद शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवा. चालता लढा सोडला तर लोक काय म्हणतील, हे त्यांना ठाऊक नसेल? पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही येवल्याची घोषणा झाली. ती सगळ्यांना पाठ आहे. आधीचं ते थांबणं किती जणांना आठवतं?

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचंही तेच. विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ मध्ये सिनेमाचं तंत्र शिकायला लंडनला गेले, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी सिनेमासाठी दागिने दिले, हे एका ओळीत उरकतो. स्वयंपाकघर सांभाळून फिल्मला भोकं पाडत बसणाऱ्या त्या बाईची ती निवड होती, की 'नाही' म्हणायची सोयच नव्हती? इतिहासकाराला कागद लागतो, त्याचं मी समजू शकतो. कथा लिहिणाऱ्याने तरी इथे थांबायला हवं.

असो. त्या मुलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. कथेत बोध नाही, असं बाकीच्या परीक्षकांचं म्हणणं पडलं. रविवारच्या पुरवणीत जागा असेल तर तिच्या घरच्यांना विचारून कथा पाठवतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
पंचवटी, नाशिक