शालीपेक्षा शेरा हवा

मा. संपादक,
स. न.

शिक्षक दिन होऊन गेला. पाच सप्टेंबरला शाल, श्रीफळ, मानपत्र सगळे यथासांग पार पडले, आपल्या पानांवर फोटोही आले. ज्यांना पुरस्कार मिळाले त्यांचे मनापासून अभिनंदन. हे पत्र मात्र बाकीच्यांविषयी आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. इयत्ता चार, शिक्षक दोन. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाच खोलीत. अशा ठिकाणी शिक्षकाचा धीर कशाने टिकतो, ते थोडे सांगायचे आहे.

मधल्या काळात माझे मन शाळेवरून पार उडाले होते. थकवा तर होताच, पण त्याची सवय असते. वाईट हे, की मुलाने तेच अक्षर पुन्हा चुकवले तरी काही वाटेनासे झाले. हल्ली सगळेच ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून केली आणि त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे. माझ्या अनुभवाने सांगते, पहिल्या खुणेवर कौतुकाचा काडीचा उपयोग नाही. तिथे रिकामी पदे भरावी लागतात. तिसरीवर मात्र कौतुकावाचून दुसरे औषध मला तरी सापडलेले नाही.

याचे कारण आमच्या कामातच आहे. प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाचवीला मूल हायस्कुलात जाते आणि दहावीचा निकाल लागतो तेव्हा पेढे तिकडे वाटले जातात. ते रास्तच आहे. पण त्या मुलाला पहिल्यांदा ‘क’ला काना देऊन ‘का’ कोणी वाचायला लावले, हे कुणाच्या ध्यानात नसते. आपण लावलेले उगवले की नाही, हे आम्हाला दिसतच नाही. कुणी येऊन सांगितले तरच कळते. दिसतो तो फक्त पट. आणि पट दरवर्षी घसरतो. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान सुरू झाले, गावागावातून त्यांच्या बसेस फिरू लागल्या, लोकांची पसंती बदलली. त्याची कारणे मोठी आहेत, एका शिक्षकाच्या आवाक्यातली नाहीत. हे डोक्याला पटते. तरीही जून महिन्यात पहिलीच्या रजिस्टरवर चार नावे लिहिताना ‘आपणच कमी पडलो’ असे वाटल्यावाचून राहत नाही.

एक मुलगी होती. हातच्याची वजाबाकी म्हटले की तिचे डोळे भरून यायचे. आमच्याकडे काजूबियांना तोटा नाही, म्हणून दहा-दहा बियांच्या पुरचुंड्या बांधल्या. बावन्नातून सत्तावीस काढायचे तर सुट्या बिया दोनच. मग एक पुरचुंडी सोडायची, बारा झाल्या, आता सात काढ. तिला ते कळले असे मला कधीच ठामपणे वाटले नाही. चौथी करून ती गेली. पुढे एकदा गणेश चवथीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात तिचे वडील चिबूड आणि सुपारीचे घोस मांडून बसलेले दिसले. भाव विचारायच्या आत म्हणाले, “टीचर, हिशेबाची वही आतां आमचें चेडूंच बरयता. काजूबियो सोडून दाखयता माका.” म्हणजे हिशेबाची वही आता त्यांची मुलगीच लिहिते आणि काजूबिया सोडून त्यांना दाखवते. चिबुडाचे पैसे घेईनात, मी बळेच दिले. त्यांनी ‘तुम्ही फार छान शिकवता’ म्हटले असते तर मी हसून पुढे गेले असते. काजूबियांचे नाव निघाले म्हणून ते आत पोचले. कौतुक करणाऱ्याने काम पाहिलेले असावे लागते, एवढाच त्यातला भाग आहे.

गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव शाळा निघाल्या, तेव्हा महाराष्ट्रातूनही शिक्षक आले आणि गावातच बिऱ्हाड करून राहिले. त्या मास्तरांच्या आठवणी आमच्या भागातले म्हातारे आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मला सांगतात! मास्तर कधीच आपल्या गावी परतले. त्यांना हे कुणी कळवले होते का, कोण जाणे.

आता दुसरी बाजू. गोड बोलून कामे लादण्याची कलाही खात्यांना चांगली अवगत आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. तरी पोर्टलवर माहिती भरणे, तीच माहिती पुन्हा कागदावर पाठवणे आणि ‘आजच्या आज’चे निरोप चालूच असतात. ‘शिक्षक म्हणजे राष्ट्राचे शिल्पकार’ हे वाक्य बहुधा अशाच निरोपाच्या सुरुवातीला येते. याला मी कौतुक म्हणत नाही.

खात्याला फुकट जमेल असे एकच मागते. प्रत्येक शाळेत शेरेबुक असते. भेटीला येणारे अधिकारी त्यात लिहितात: ‘नोंदी अद्ययावत ठेवाव्यात’, ‘परिसर स्वच्छ ठेवावा’. लिहा, जरूर लिहा. पण जाण्यापूर्वी एका मुलाला वाचायला उभे करा आणि जे ऐकले ते एका ओळीत त्याच पानावर उतरवा; वाईट वाचले तर तेही. हायस्कुलांनीही दहावीच्या निकालानंतर मुलांच्या जुन्या प्राथमिक शाळांना एक फोन करावा. आणि भेटीची वेळ म्हणाल तर मधल्या सुट्टीच्या आधी या. पाव-भाजी आली की आमच्याकडे कुणीही वाचत नाही.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, सत्तरी