चौथीच्या वर्गशिक्षिका बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम उघड लिहितेय. ज्या घरात एखादं मूल सारखे डोळे मिचकावतंय, मान झटकतंय, घसा खाकरतंय (अशा आपोआप होणाऱ्या हालचाली-आवाजांना डॉक्टर 'टिक्स' म्हणतात) आणि "हे कशामुळे होतंय?" या प्रश्नाने आईबापांची झोप उडालीय, त्या घरापर्यंत तुमचं काम पोहोचावं असं मला फार वाटतं.

आमच्या मुलाचं डोळे मिचकावणं सहाव्या वर्षी सुरू झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. नंबर नव्हता, ॲलर्जीही नव्हती. पुढे ते आपोआप थांबलं आणि मान झटकणं आलं, मग घसा. कुणी जंताचं औषध सुचवलं, कुणी दृष्ट काढली, कुणी मोबाइलवर खापर फोडलं. एका कार्यात तर "आईचं लक्ष नसलं की असंच होतं" हेही ऐकून घेतलं. ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार होतं. बाई, तुम्ही कुठलंच कारण सांगितलं नाहीत. तुम्ही बघितलंत आणि लिहून ठेवलंत.

पालकसभेनंतर तुम्ही मला थांबवून ती दोनरेघी वही दिलीत. त्यातलं एक पान मला पाठ झालंय. "परिपाठ – नाही. पाढे, त्याची पाळी येण्याआधी – घसा, बराच वेळ. पाळी झाल्यावर – कमी. चित्रकला – अजिबात नाही. मधली सुट्टी, लंगडी – नाही. शेजारच्याने 'परत?' म्हटलं – लगेच मान, दोनतीनदा. रात्री उशिरा झोपला होता असं म्हणाला – आज सगळंच जास्त." पुढे स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात तुम्ही लिहिलंत, "खूप खुशीत आहे, तरी वाढलंय." तोवर भीती, ताण एवढंच आमच्या डोक्यात होतं. आनंदानेही टिक्स वाढतात हे आम्हाला त्या ओळीने दाखवलं.

हीच वही आम्ही मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडे नेली. त्यांनी ती शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि मग आम्हाला दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. टिक्स मुळात होतात त्या मेंदूतल्या हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लाड, धाक, लक्ष नसणं, दृष्ट यांतल्या कशानेही हा आजार होत नाही. त्या कमीजास्त मात्र होतात रोजच्या गोष्टींनी: अपुरी झोप, दमणूक, परीक्षा, उत्साह, कुणी बोट दाखवणं. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही, दुसरी बरीचशी आहे. हालचाली आणि आवाज दोन्ही असून वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे त्यांनी टुरेट सिंड्रोम असं निदान केलं. १८८५ साली जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरने नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. यातली मुलं शिव्या देतात असं मी कुठेतरी ऐकलं होतं. ते थोड्याच जणांत दिसतं, हेही तिथेच कळलं.

घशाच्या जंतुसंसर्गाबद्दलही मी विचारलं. स्ट्रेप्टोकॉकस या जंतूच्या संसर्गानंतर काही मुलांत एकाएकी टिक्स आणि मंत्रचळ (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती) सुरू होतो, ही कल्पना अमेरिकेत १९९८ साली मांडली गेली आणि तिच्यावर अजून वाद आहे. आमच्याकडे सगळं हळूहळू आलं, मधे ओसरलं, परत आलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, आणि त्यामागचं कारण नीट समजावून सांगितलं.

पण बाई, तुम्ही नुसती नोंद करून थांबला नाहीत, यासाठी मी तुमची जास्त ऋणी आहे. शिंक दाबून धरावी तसं आमचं पोर दिवसभर वर्गात स्वतःला आवरत होतं आणि घरी आल्यावर तासभर सगळं उसळून यायचं. हे कळल्यावर तुम्ही त्याला पाणी भरायच्या निमित्ताने वर्गाबाहेर जायची मुभा दिलीत. पाढ्यांना त्याची पाळी सुरुवातीलाच घ्यायला लागलात, म्हणजे वाट बघत ताटकळणं नको. आणि एका दुपारी, त्याला विचारून, त्याच्यासमोरच मुलांना सांगितलंत, "याचा घसा आपोआप वाजतो. तो मुद्दाम करत नाही. आपण आपलं काम करायचं." त्यानंतर "परत?" म्हणणारं कुणी उरलं नाही. त्या दिवशी घरी येऊन तो पोटभर जेवला.

आता समुपदेशक ताईंकडे त्याचं प्रशिक्षण चालू आहे. घसा वाजणार अशी खरखर जाणवली की तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, ती ओढ ओसरेपर्यंत. या पद्धतीचा २०१० साली ९ ते १७ वर्षांच्या १२६ मुलांवर अमेरिकेत अभ्यास झाला. निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला फरक पडला. नुसती माहिती आणि आधार मिळालेल्यांत तो साधारण पाचातल्या एकाला पडला. कशाने वाढतं ते शोधून आजूबाजूचं बदलणं हाही त्या पद्धतीचाच भाग आहे. ताई म्हणाल्या, "निम्मं काम शाळेत आधीच झालंय." मला तुमचा फार अभिमान वाटला.

टिक्स गेलेल्या नाहीत. साधारण दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान त्या सर्वांत जास्त असतात आणि पुढे बहुतेकांच्या कमी होतात, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे अवघड वर्षं अजून यायचीत, आणि जूनमध्ये वर्ग बदलतोय. म्हणून आभारासोबत एक विनंती आहे. पाचवीच्या सरांना ती वही दाखवायला तुमची हरकत नसेल ना? आणि शाळा सुरू होण्याआधी तुम्ही स्वतः त्यांच्याशी दहा मिनिटं बोललात तर फार बरं होईल. त्याला तसं चालेल का, हे मी त्याला विचारलंय. तो म्हणाला, "बाईच सांगू देत."

आपली,
तुमच्या वर्गातल्या एका मुलाची आई