आदेश त्यांचा, वसुली आमच्याकडून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या वेतनखर्चावरचे तुमचे कालचे स्फुट वाचले. अनुदान, रिक्त जागा, प्राध्यापकांचे वेतन याबद्दल त्यात जे लिहिले आहे त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण शेवटी निवृत्त शिक्षकेतर कर्मचारी जादा उचललेली रक्कम परत करायला खळखळ करतात, असे एक वाक्य टाकून तुम्ही मोकळे झालात. ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

मी एका मोठ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालो. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो होतो. वरच्या जागा मोजक्या, त्यामुळे आमच्यासारख्यांना आश्वासित प्रगती योजनेचाच, म्हणजे बढती न मिळताही ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीचाच, काय तो आधार. तो लाभ मागायला मी कुणाच्या दारात गेलो नव्हतो. आस्थापना विभागाने यादी केली, कुलसचिवांच्या सहीने आदेश निघाला, वेतननिश्चिती झाली, सेवापुस्तकात नोंद झाली, त्या नोंदीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्का पडला. या सगळ्यात माझी सही फक्त हमीपत्रावर. जादा प्रदान झाल्याचे आढळल्यास परत करीन, असा छापील मजकूर. त्यावर सही केल्याशिवाय वेतननिश्चिती पुढे सरकत नाही, हे विद्यापीठातल्या शिपायापासून सर्वांना ठाऊक आहे. आमच्या विभागातल्या शिपायांनी तर मी बोट दाखवले तिथे सह्या केल्या.

पुढे डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने आमच्या वेतनश्रेणीचे आणि आश्वासित प्रगतीचे जुने शासन निर्णय रद्द केले. ते काढताना वित्त विभागाची संमती घेतली नव्हती, हे कारण. ही संमती घेणे परीक्षा विभागातल्या कारकुनाचे काम होते का? मंत्रालयातल्या एका विभागाने दुसऱ्या विभागाला विचारले नाही, याचा भुर्दंड मी का भरायचा?

भरला मात्र मीच. निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तक पुन्हा पडताळणीला गेले, मिळालेला लाभ जादा ठरला आणि माझ्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वसुली निघाली. त्या उपदानातून पतसंस्थेचे कर्ज फेडायचे असे आम्ही दोघांनी ठरवले होते. प्रकरण या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले आणि कर्जावर व्याज चढत गेले. ज्या रकमेची वसुली लावली त्या रकमेवर मी त्या त्या वर्षी आयकर भरला आहे. वसुली मात्र पूर्ण रकमेची. कापला गेलेला कर कुठे गेला, हे लेखा विभागात विचारले तर आयकर कार्यालयात विचारा म्हणाले.

पैशापेक्षा दुसरे जास्त लागले. आमच्या वसाहतीत वसुली लागली म्हटले की लोक अफरातफर समजतात. एका शेजाऱ्याने माझ्या पत्नीला जिन्यात थांबवून, साहेबांच्या हातून काही झाले होते का, असे विचारले. निकालाच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत बसून गुणतक्ते पडताळणाऱ्या माणसाच्या घरी हे विचारले गेले. ज्यांच्या सहीने आदेश निघाला त्यांच्या उपदानाला कुणी हात लावल्याचे मी आजवर ऐकलेले नाही.

तुमच्या स्फुटलेखकाने सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह प्रकरणातला निकाल वाचायला हवा होता. वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांकडून वसुली करता येणार नाही. निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून करता येणार नाही. वसुलीच्या आदेशाआधी ५ वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल तरीही करता येणार नाही. या तिन्हींत मी बसतो. निकालाची प्रत जोडून मी अर्ज दिला. उत्तर आले की तुम्ही हमीपत्र दिलेले आहे, त्यामुळे हमीपत्र देणाऱ्याकडून वसुली करता येते असे सांगणारा, सर्वोच्च न्यायालयाचाच २०१६ चा जगदेव सिंग निकाल तुम्हाला लागू होतो. तो खटला एका न्यायिक अधिकाऱ्याचा होता, वर्ग ३ च्या कर्मचाऱ्याचा नव्हता, हे मी पुन्हा लेखी कळवले. त्याला आजतागायत उत्तर नाही. वकील म्हणतात, खंडपीठात याचिका करा. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने एकदा सांगितलेली गोष्ट प्रत्येक निवृत्त कारकुनाने आणि शिपायाने स्वतःच्या खर्चाने पुन्हा सांगून घ्यायची!

आणि शासनाकडून आमचे येणे असते तेव्हा? सातव्या वेतन आयोगाची १ जानेवारी २०१६ ते ३१ ऑक्टोबर २०२० ही ५८ महिन्यांची थकबाकी. तिच्यासाठी आणि आश्वासित प्रगती योजनेसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकावा लागला, मग २० तारखेपासून संप. तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांना वेठीस धरले, असा मथळा तुम्ही दिला. विद्यार्थ्यांचे हाल झाले, हे मी नाकारत नाही. त्यात माझ्या भावाचा मुलगाही होता. पण ५८ महिने कुणाचे पैसे कुणाकडे अडकले होते, हे त्या बातमीत एका ओळीनेही आले नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या स्फुटात यायला हवी होती. आमच्या रिकाम्या झालेल्या जागा भरल्या गेल्या नाहीत. त्या टेबलांवर आता ठेकेदाराकडच्या मुली बसतात. काम तेच, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तेच, गोपनीयतेची जबाबदारीही तीच. पगाराला ठरलेली तारीख नाही. भविष्य निर्वाह निधीची कपात होते, ती खात्यात जमा होते का, हे विचारणाऱ्या एका मुलीला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. वेतनखर्च कमी करा असे तुम्ही लिहिता, तो असा कमी होतो. या मुली तुमच्याकडे पत्र पाठवणार नाहीत, त्यांना नोकरी टिकवायची आहे. वार्ताहर पाठवून त्यांची नावे न छापता चौकशी करा, ही विनंती.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर माझी हकीकत कापा, पण २०१४ च्या निकालाचा परिच्छेद कृपया पूर्ण छापा. वसुलीची नोटीस हातात घेऊन बसलेल्या कुणाला तरी तो अर्जाबरोबर जोडता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षकेतर कर्मचारी